सौ. गोदाच्या गुडघ्यांसंबंधी मंडळाचा अहवाल

दुखणं ज्याचं त्याचं असतं, पण त्यावरचा उपाय ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हे कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे ते मला ठाऊक नाही, पण डोंबिवलीत राहणाऱ्या कोणालाही ते पटेल. आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला रिकाम्या हातांनी कोणी येत नाही. फळं परवडत नाहीत म्हणून माणसं उपाय घेऊन येतात. आणि आणलेला उपाय आजाऱ्याने केला नाही, तर तो आणणाऱ्याचा अपमान समजला जातो. अशा अपमानातून आमच्या चाळीत १९५१ साली तीन घरांचं बोलणं बंद झालं आणि एका घराने हळदीकुंकवाला जाणं सोडलं.

हे सगळं ज्या गुडघ्यांवरून झालं ते गुडघे माझ्या बायकोचे, सौ. गोदाचे (यापुढे उल्लेख 'रुग्ण' असा). तिला जुनाट संधिवात आहे. गुडघे सुजतात, बोटं आखडतात आणि सकाळी उठल्यावर पहिला तासभर तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. त्या साली झालं असं, की शेजारच्या हौसाबाईंनी सांगितलेलं एरंडाचं पान रुग्णाने उजव्या गुडघ्याला बांधलं आणि समोरच्या बिऱ्हाडाने दिलेला सुंठेचा लेप डाव्या गुडघ्याला लावला. दोन्ही बायका एकाच वेळी समाचाराला आल्या. आपला उपाय डाव्या गुडघ्यापर्यंत का पोचला नाही, असं हौसाबाईंनी विचारलं. समोरच्या बाईंनी उजव्या गुडघ्याबद्दल तेच विचारलं. रुग्णाला गुडघे दोनच असल्यामुळे तिसरी बाई आली तेव्हा परिस्थिती हाताबाहेर गेली.

मी कल्याणला एका कचेरीत हेड क्लार्क आहे (कचेरीचं नाव देत नाही, वरिष्ठ वाचतात). गोंधळ दिसला की तिथे एक समिती नेमावी, हे माझ्या रक्तात भिनलेलं आहे. त्याच आठवड्यात मी 'सुरक्षित उपचार निवड मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष गुणाजीराव, मीठ खात्यातून निवृत्त झालेले आणि जिथे खुर्ची असेल तिथे अध्यक्ष असलेले. सभासद काळुराम, आमच्या चाळीचे मालक. पूर्वी यांची भाताची खाचरं होती, त्यावर आता आम्ही राहतो. चिटणीस मी स्वतः. मंडळावर बाईमाणूस घेतलं नाही. बायकांची रुग्णाशी जवळीक असते, आणि अशा कामात तटस्थपणा हवा.

मंडळाचं पहिलं काम म्हणजे सुरक्षित उपचार कशाला म्हणायचं ते ठरवणं. दोन रविवार चर्चा होऊन व्याख्या ठरली ती अशी : 'ज्या उपचाराने शेजारी, नातलग, मालक व हितचिंतक यांपैकी कोणाचेही मन दुखावत नाही, तो उपचार सुरक्षित होय.' व्याख्येत रुग्णाचा उल्लेख राहून गेला, हे पुढे एकदा लक्षात आलं होतं. पण तोवर छापील अर्ज तयार झाले होते.

अर्जाचा नमुना मी केला, आणि आत्मस्तुती होत असली तरी सांगतो, असा नमुना आमच्या कचेरीतही नाही. एकंदर चौदा रकाने. रकाना चार : 'हा उपचार कोणास लागू पडला? (स्वतः पाहिले असल्यास "होय" लिहावे, नुसते ऐकले असल्यास "खात्रीने होय" लिहावे.)' रकाना नऊ : 'पथ्य.' रकाना अकरा : 'अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? (रुग्णाचे नाव लिहावे.)' आणि शेवटचा, चौदावा : 'रुग्णाचा अभिप्राय.' हा रकाना भरण्यात रुग्णाचा वेळ जाऊ नये म्हणून मी स्वतःच तिथे 'समाधानी' असं लिहीत असे.

दोन वर्षांत मंडळाकडे त्रेसष्ट अर्ज आले. पैकी एकसष्ट मंजूर झाले. (नामंजूर झालेल्या दोन अर्जांची हकीगत पुढे येते.) मंजुरीचं प्रमाण शेकडा सत्त्याण्णव पडतं. एवढं उदार मंडळ ठाणे जिल्ह्यात दुसरं दाखवा. एरंड, निर्गुडी, लसणीचं दूध, मेथीचे दाणे, वारुळाची माती, तांब्याचं कडं, बिब्ब्याचे चटके, ठाण्याच्या एका गृहस्थांकडचं हातात धरून झटके घेण्याचं विजेचं यंत्र; कोणाला म्हणून आम्ही नाराज केलं नाही. बिब्ब्याने पोटरीवर फोड आले तेव्हा ते फोड हीच गुण येण्याची खूण, असं अर्जदारांनी लेखी कळवलं. तो कागद फायलीला आहे.

पथ्याची बाब थोडी नाजूक होती. प्रत्येक उपचाराचं पथ्य निराळं. एकाने आंबट बंद केलं, दुसऱ्याने तेलकट, तिसऱ्याने वांगं, बटाटा आणि भात. एकाचं म्हणणं दही विष, तर दुसऱ्याचं म्हणणं दह्याशिवाय औषध चढणार नाही. सगळ्या पथ्यांचा मेळ घालून मी एक तक्ता केला. १९५२ च्या दिवाळीत त्या तक्त्यात रुग्णाला चालणारे पदार्थ दोन उरले होते : मुगाची डाळ सालासकट आणि मुगाची डाळ सालाशिवाय. पुढे एका अर्जदाराने मंगळवारी मूगही वर्ज्य सांगितले. मंगळवारी रुग्ण काय खाते ते मंडळाने विचारलं नाही. घरातल्या बाबतींत ढवळाढवळ करायची नाही, असं आमचं धोरणच आहे.

आता पाण्याची आकडेवारी देणं भाग आहे.

आमची चाळ एकमजली, खाली सहा आणि वर सहा बिऱ्हाडं. विहीर मागच्या अंगाला. आम्ही वर राहतो आणि वर जायला बावीस पायऱ्या आहेत. अकराव्या पायरीला वळण. घरात माणसं चार : मी, माझे दोन धाकटे भाऊ (दोघेही नोकरीला, दोघांच्याही पाठी नाजूक) आणि रुग्ण. घराला रोज चौदा हंडे पाणी लागतं. माझी धाकटी बहीण नंदा घरात होती तोवर त्यातले पाच ती आणायची. मग तिचं लग्न करून आम्ही तिला कळव्याला दुसऱ्या विहिरीवर पाठवली. तेव्हापासून चौदाही हंडे रुग्णच आणते. मंडळ स्थापन झाल्यावर त्यात शेकाचे दोन, काढ्याचा एक आणि निर्गुडीच्या आंघोळीचे दोन असे पाच हंडे वाढले. म्हणजे एकोणीस. रविवारी सभेला चहा आणि आल्यागेल्याला पाय धुवायला दोन. म्हणजे एकवीस. थोडक्यात, ज्या गुडघ्यांवर उपचार चालू होते त्याच गुडघ्यांवरून उपचारांचं पाणी वर येत होतं. आपली गरज आपण भागवण्याचं याहून चांगलं उदाहरण त्या काळातल्या भाषणांतही सापडलं नसतं.

अर्ज क्रमांक सत्तेचाळीस हा खुद्द अध्यक्षांचा. गुणाजीरावांना एका फिरत्या वैदूने पांढऱ्या पुड्या दिल्या होत्या. पुडीत काय आहे हे वैदूने सांगितलं नाही. गुरूने मना केलं होतं म्हणे. गुणाजीरावांनी रकाना चारमध्ये 'खात्रीने होय, होय' असं दोनदा लिहिलं. अध्यक्षांचा अर्ज अध्यक्षांनीच मंजूर केला. तसं करण्यास नियमात हरकत नाही, कारण तसा नियमच नाही.

पहिले चार दिवस रुग्णाला खरोखरच बरं वाटलं. मी ठळक अक्षरांत नोंद केली. दहाव्या दिवशी तोंड आलं. पंधराव्या दिवशी चेहरा सुजला. एकोणिसाव्या दिवशी ती विहिरीवर ओकली आणि तिथेच बसली. मंडळाने तातडीची बैठक घेऊन चौकशी केली. निष्कर्ष असा : 'पुडी निर्दोष आहे. रुग्णाचे पोट तिला साथ देत नाही. पोटास समज देण्यात यावी.' अनुमोदन मी दिलं. त्या वेळी आतल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मला भीती वाटत होती, हे मी इथे प्रथमच लिहितो आहे. बैठकीत मी ते बोललो नाही. भीतीचा विषय त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

काळुराम मात्र सभेतून मध्येच उठले. "तुमी करा चौकशी," ते म्हणाले, "मी डाक्टरला घेऊन येतंय. माज्या चालीत बाई मेली तं ती खोली कोन घेनार?" माणूस रोखठोक, पण कामाचा.

डॉक्टर गुर्जर स्टेशनाजवळ नवीनच दवाखाना उघडून बसले होते. वय इतकं कमी की त्यांच्याकडे कुठला रामबाण उपाय असण्याची शक्यता नव्हती. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, उरलेली पुडी खिशात टाकली आणि विचारलं, "सध्या आणखी काय काय चालू आहे?"

मी नोंदवही पुढे केली. त्यांनी ती वीस मिनिटं वाचली. इतक्या बारकाईने माझी वही आजवर कोणी वाचली नव्हती. माझी छाती फुगली. शेवटी ती मिटून ते म्हणाले, "एवढं सगळं घेऊन या बाई जगल्या कशा?"

"मंडळाच्या देखरेखीमुळे," मी नम्रपणे म्हणालो.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ते रुग्णाशी बोलले. "बाई, तुम्हाला सगळ्यात जास्त कधी दुखतं?"

रुग्णाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अकराव्या पायरीवर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी जाताना एक चिठ्ठी लिहून दिली. तोच अर्ज क्रमांक बासष्ट. चिठ्ठी अशी होती : 'पुडी बंद. बाकीचे लेप, काढे, झटके सगळे बंद. मला दाखवल्याशिवाय पोटात काहीही घ्यायचं नाही, मग ते झाडपाल्याचं असो की देवाचं. सगळं जेवायचं. सकाळी सांधे आखडतात तेव्हा कोमट शेक आणि हलका हात-पाय हलवणं. फार सुजलं तर दिलेली गोळी, जेवल्यावर, सांगितली तेवढीच. दुखणं मुळासकट जाईल असं मी सांगत नाही. पुष्कळ कमी होईल. पाण्याचे हंडे उचलायचे नाहीत.'

रविवारी चिठ्ठी मंडळापुढे आली. तिच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी एकसष्ट अर्जांवर मिळून झाली नव्हती.

"दुखणं जाणार नाही म्हणतो!" गुणाजीराव म्हणाले. "आपले एकसष्ट अर्जदार छातीवर हात ठेवून सांगतात की जाईल, आणि हा एकटा म्हणतो जाणार नाही. चिटणीस हरिहरपंत, बहुमत कुठे आहे ते तुम्हीच बघा."

बहुमत उघड होतं. शिवाय चिठ्ठीत तांत्रिक दोष बरेच होते. रकाना चार कोरा. पाणी न भरून अमुक एक बाई बरी झाली, असं कोणीच ऐकलेलं नव्हतं. (तशी बाई असती तर ऐकलं असतं.) पथ्य नाही. उलट सगळं जेवायचं, म्हणजे औषधाला काही धाकच नाही. आणि न करणं याला करणं कसं म्हणायचं? उपचार म्हटला की काहीतरी लावलं पाहिजे, प्यायलं पाहिजे, निदान बांधलं तरी पाहिजे.

"ते सगला खरा," काळुराम म्हणाले, "पन मग पानी कोन भरंल?"

गुणाजीरावांनी नाकातला केस उपटला. माझा धाकटा भाऊ दाराशी उभा होता, तो पाठीला हात लावून आत गेला. मी स्वतः हेड क्लार्क. मी हंडा घेऊन सहा दारांवरून गेलो असतो तर घरात कोणी वारलं की काय म्हणून लोक समाचाराला आले असते. चार मिनिटांनी चहा आला आणि सर्वांना हायसं वाटलं. चिठ्ठी 'अपुरी माहिती व गंभीर अपायाचा संभव' या कारणास्तव नामंजूर झाली. अपाय कोणाला, ते लिहायला रकान्यात जागा उरली नाही.

पुडी तेवढी बंद केली. ती अध्यक्षांनी मोठ्या मनाने स्वतःहून मागे घेतली. रुग्ण आठ दिवसांत उठली आणि पुन्हा विहिरीवर जाऊ लागली. मंडळाने तिचं अभिनंदन केलं.

पुढच्याच आठवड्यात बायजा आली. बायजा म्हणजे काळुरामांची आई. वय सत्तरच्या घरात, कंबरेत वाकलेली. लेक चाळमालक होण्यापूर्वी तिने कळव्याकडच्या मिठागरांवर उभा जन्म टोपल्या वाहिल्या होत्या. मी वही उघडून बसलो, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणालो, "सांगा बायजाबाई, उपाय कोणता?"

"मना औषद नाय येत," बायजा म्हणाली.

चाळीच्या इतिहासात समाचाराला आलेलं माणूस पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी आलं होतं. काय लिहावं ते मला कळेना. बायजा दाराच्या चौकटीला टेकून रुग्णाकडे बघत राहिली.

"पोरी, पाय वढून चालतीस."

"बरं आहे आता," गोदा म्हणाली. (रुग्ण म्हणाली.)

"माजं बी गुडगं मिठानं नेलं. सगली बोलली, तेल लाव. ज्यो भेटंल त्यो बोले, तेल लाव. कोन बोलला नाय का बाय, टोपली खाली ठेव." एवढं बोलून तिने घरात नजर फिरवली. "हंडा कुठं हाय?"

तिने दोन हंडे आणले. मध्ये पाच वेळा थांबली, पण आणले. गोदा "अहो नको, नको" म्हणत तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली आणि तिथे रडली. दोन वर्षांत एवढे उपचार झाले, चटके बसले, झटके बसले, तेव्हा ती रडलेली मला आठवत नाही. मी दाराआडून पाहिलं आणि वही मिटली.

मालकाच्या आईने भाडेकरूचं पाणी भरावं ही बाब साहजिकच मंडळाकडे आली. अर्ज न करता परस्पर उपचार केल्याबद्दल मी बायजाबाईंना लेखी नोटीस काढली आणि वाचता येत नाही म्हणून विहिरीवर जाऊन स्वतः वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकून घेतली. "झाला तुजा?" ती म्हणाली. "आता बाजूला हो, हंडा सांडंल." उत्तर समाधानकारक नसल्याचा शेरा मी मारला.

त्या संध्याकाळी रुग्णाने माझ्याकडे एक कोरा अर्ज मागितला.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "का, मला मनाई आहे?"

मनाई नव्हती, असा प्रसंग कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. तिची बोटं आखडलेली, त्यामुळे मी लिहून देऊ का म्हणालो. ती नको म्हणाली. तासभर बसून तिने स्वतः अर्ज भरला, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. हाच अर्ज क्रमांक त्रेसष्ट. नियम चारप्रमाणे चिटणिसाने अर्ज सभेत मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. नियम माझाच असल्यामुळे सुटका नव्हती. मी वाचला :

'उपचाराचे नाव : हंडा. कोठे लावावा : यजमान व दोन दीर यांच्या खांद्यास. दिवसातून किती वेळा : चौदा. कोणास लागू पडला : अजून कोणी करून पाहिला नाही. पथ्य : उपचार चालू असताना बोलू नये. अपाय झाल्यास जबाबदारी : माझी. रुग्णाचा अभिप्राय : दोन वर्षांत कोणी विचारला नाही.'

काळुराम खो खो हसले. गुणाजीराव हसले नाहीत. त्यांना पेच पडला होता. "दुखणं एकाचं आणि लेप दुसऱ्याला," ते म्हणाले. "असं कुठल्या वैद्यकात बसतं?" कुठल्याच वैद्यकात बसत नाही यावर एकमत झालं. सूचक अध्यक्ष, अनुमोदक चिटणीस. अर्ज नामंजूर. काळुराम मतदान न करता विडी ओढायला बाहेर गेले.

मग आम्ही चहाची वाट पाहिली. चहा आला नाही. मी आत गेलो. गोदा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती आणि डबा उघडून शेव खात होती (पथ्य क्रमांक दोन, सात, एकोणीस आणि तेहतीस यांचा भंग).

"चहा?" मी विचारलं.

"पाणी नाही."

"संपलं?"

"आणलं नाही," ती म्हणाली. "उद्यापासून मी चार कळशा आणीन. हंडे नाही, लहान कळशा. माझ्या गुडघ्यांना तेवढ्या झेपतात, डॉक्टरांना विचारून आले मी. त्यात घर बसवा."

ती ओरडली नाही की रडली नाही. तिचा आवाज आमच्या साहेबासारखा होता, म्हणूनच मी घाबरलो. गणसंख्या असूनही चहाअभावी सभा तहकूब झाली.

चार कळशांत घर बसत नाही, हे सोमवारीच सिद्ध झालं. पहिल्याप्रथम उपचार बंद पडले, कारण शेकाला, काढ्याला आणि निर्गुडीला पाणी नव्हतं. मंगळवारी दोघांतल्या थोरल्या भावाने विहिरीवर जाऊन तिथल्या तिथे आंघोळ केली आणि तोंड पुसत वर आला, जणू फिरायला गेला होता. बुधवारी धाकट्या भावाने कल्याणला मित्राच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. गुरुवारी मी बिनआंघोळीचा कचेरीत गेलो. शुक्रवारीही गेलो. शनिवारी माझ्या टेबलाशेजारच्या कारकुनाने आपलं टेबल खिडकीकडे सरकवलं.

रविवारी दुपारी चाळ जेवून आडवी झाली, तेव्हा मी हंडा घेतला. पाणी शेंदलं. हंडा खांद्यावर चढवताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं, ते पुन्हा भरलं आणि जिना चढू लागलो. सहाव्या पायरीवर दम लागला. आठव्या पायरीला गुडघ्यात कळ आली. अकराव्या पायरीवर मला थांबावंच लागलं, आणि तोल सावरायला मी भिंतीवर हात टेकला.

तिथे भिंतीच्या चुन्यावर एक काळपट, गुळगुळीत डाग होता. माझा तळवा बरोबर त्या डागावर पडला होता. डाग माझ्या तळव्याहून लहान होता. रोज एकोणीस वेळा, रविवारी एकवीस वेळा, तिने तिथे हात टेकला होता. दोन वर्षं मी त्या जिन्यावरून दिवसातून दोनदा जात-येत होतो आणि डाग पाहिला नव्हता असंही नाही. चाळीला रंग द्यायला हवा, असं मी काळुरामांना एकदा बोललोही होतो.

मला फार वाईट वाटलं. ते इतिवृत्तात नोंदवलेलं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

त्या दुपारी मी आठ हंडे आणले. आठव्याला हौसाबाईंचं दार उघडलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत माझ्या खांद्याच्या आणि गुडघ्यांच्या समाचाराला अकरा माणसं येऊन गेली. अकरा उपाय मिळाले. पैकी सात मी स्वतःच रुग्णासाठी मंजूर केलेले होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. गुणाजीराव एक पुडी घेऊन आले. हंडा दाराशीच होता; त्याला वळसा घालून सगळे आत आले आणि वळसा घालून बाहेर गेले. एकटी गोदा काही उपाय म्हणून बोलली नाही. रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "उद्या सहाच आणा. मी एक कळशी जास्त आणते." मला आजवर मिळालेल्या उपचारांपैकी हा एकच असा, की तो ऐकताक्षणी गुण आला.

तीन महिन्यांत गोदाची सूज उतरली. दुखणं गेलं नाही. ढगाळ हवेला ती अजून कण्हते आणि महिन्यातून चारदोन वेळा गोळी घेते. पण आता सकाळी स्वतःची वेणी स्वतः घालते, आणि भात खाते. याचा परिणाम म्हणून चाळीत पुन्हा भांडणं लागली. आपलाच उपाय उशिरा का होईना लागू पडला, असा दावा एकसष्ट अर्जदारांनी केला. हौसाबाईंचं म्हणणं एरंड शरीरात मुरायला दोन वर्षं लागतातच. ठाण्याच्या गृहस्थांनी यंत्राच्या जाहिरातीत गोदाचं नाव घातलं. अखेर मंडळाने सर्वांना एकेक प्रमाणपत्र दिलं. बासष्ट आणि त्रेसष्ट या क्रमांकांचे अर्ज नामंजूर असल्यामुळे डॉक्टर गुर्जर आणि सौ. गोदा यांना ते देता आलं नाही. बायजाने तर अर्जच केला नव्हता.

मंडळाला आता रुग्ण उरला नाही. रुग्णाशिवाय मंडळ चालवणं अशक्य नसलं तरी बरं दिसत नाही, म्हणून नवीन रुग्णासाठी मी चाळीची पाहणी केली. निष्कर्ष : बिऱ्हाडं बारा. गुडघे दुखणाऱ्या बायका गोदा धरून अकरा. बाराव्या बिऱ्हाडात गृहस्थ विधुर आहेत, तिथे महिपत नावाचा गडी पाणी भरतो. त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही, कारण त्याच्या समाचाराला कोणी गेल्याची नोंद नाही. बाकीच्या दहाजणींना मी विचारलं, "आधी का बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, बोललो असतो तर तुम्ही उपाय सांगितले असते.

अहवाल इथे संपतो. तो वाचता वाचता गोदाच्या गुडघ्यांवर एखादा रामबाण उपाय आपल्याला आठवला असेलच; कोणाच्या तरी मावशीला तो खात्रीने लागू पडलाही असेल. तो कळवण्याची घाई करू नये. नवीन नमुन्यात मंडळाने चौदाही रकाने काढून टाकले आहेत आणि एकच नवा घातला आहे : 'आज आपल्या घरी पाणी कोणी भरले?' आमच्याकडे नळ आहे, असं उत्तर चालणार नाही. नळाखालची बादली आपण होऊन उठत नाही. उत्तर लिहिण्यासाठी आत हाक मारून विचारावं लागत असेल, तर अर्ज भरण्याची तसदी घेऊ नये. आपण मंडळाचे आजीव सभासद आहात, आणि आपल्या हातातला चहा सभेचाच आहे.